सड्यावर झाडे लावू नयेत

महोदय,

वनमहोत्सवाच्या निमित्ताने गोव्यातील आमच्या पेडणे तालुक्यातील एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, खड्डे खोदून रोपे लावण्यात आली. हेतू चांगला असला तरी जागा चुकली, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. वर्षातील सात-आठ महिने उजाड दिसणारा जांभ्या दगडाचा हा माळ ओसाड नाही. पावसाळ्यात त्यावरील जेमतेम मातीच्या थरात पाणी साचते आणि गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांसारख्या इवल्या वनस्पती फुलून, बी टाकून, थंडी सुरू होता होता वाळूनही जातात. या मातीत नत्राचा तुटवडा असल्यामुळे काही वनस्पती कीटक व सूक्ष्मजीव पकडून ती उणीव भरून काढतात: दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरील चिकट थेंबांत कीटक अडकतात, तर निळ्या-जांभळ्या फुलांची, दिसायला अगदी गरीब अशी सीतेची आसवे चिखलातील सूक्ष्म पिशव्यांनी भक्ष्य आत ओढून घेतात. या साऱ्यांना भरपूर ऊन लागते. तेथे आकेशिया किंवा काजूची सावली पडली आणि वर पालापाचोळ्याचा थर साचला की त्या टिकत नाहीत.

चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळे-फुले बांधून टांगायच्या माटोळीसाठी कवंडळे, कांगले अशी रानफळे शोधत आपण रान पालथे घालतो. परंतु ज्या फुलांना माटोळीत स्थान नाही, त्यांच्या जागेकडे मात्र पडीक जमीन म्हणून पाहतो. पंचायतींनी रोपे लावण्यापूर्वी ती जागा एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शक्यतो वनस्पतिशास्त्राच्या स्थानिक शिक्षकांना सोबत घेऊन, पाहून यावी. रोपांसाठी रस्त्यांच्या कडा आणि बंद पडलेल्या चिरेखाणी (जांभा दगडाच्या खाणी) आहेतच.

— एक वाचक, पेडणे