पीटर स्ट्रीटवरचे सभागृह

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

मँचेस्टरच्या अल्बर्ट हॉलमधल्या मैफलीचे तू पाठवलेले फोटो पाहिले. "बाबा, हे आधी चर्च होतं का?" असे तू विचारले आहेस. ते मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रार्थनागृह होते. पण चर्चसारखे वाटू नये अशा बेताने बांधलेले, आणि मला त्याचेच मोल अधिक वाटते.

मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३९ साली ब्रिस्टॉलजवळच्या कोळसा खाणींतल्या मजुरांपुढे उघड्यावर प्रवचने केली, कारण ती माणसे चर्चची पायरी चढत नव्हती. पुढे मात्र त्यांच्याच अनुयायांच्या चॅपलांतून बाकांचे भाडे घेतले जाऊ लागले आणि गरीब मजूर पुन्हा दाराबाहेर राहिला. ही चूक उमगल्यावर १८८० नंतरच्या काळात मोठ्या शहरांच्या ऐन मध्यभागी 'सेंट्रल हॉल' उभे राहू लागले. तिथे बाकांना भाडे नव्हते, आणि आठवड्याची मजुरी गुत्त्यात जाऊ नये म्हणून शनिवारी संध्याकाळी स्वस्तात गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होत. तू उभी होतीस ते सभागृह याच विचारातून, १९०८ ते १९१० या काळात, वास्तुकार विल्यम जेम्स मॉर्ले यांच्या आराखड्यानुसार बांधले गेले. घोड्याच्या नालासारखा तो सज्जा नाटकगृहाची आठवण करून देतो, तो उगाच नव्हे.

आता त्या जागेविषयी. १६ ऑगस्ट १८१९ रोजी याच परिसरातल्या सेंट पीटर्स फील्डवर मतदानाचा हक्क मागायला सुमारे ६०,००० माणसे जमली होती. त्यांच्यावर घोडदळ घातले गेले आणि किमान १५ जणांचा जीव गेला. त्या वेळी वेस्लीयन धुरिणांनी मजुरांची बाजू घेतली नाही, उलट अशा सभांविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. ही गोष्ट मला आजही बोचते. त्याची भरपाई म्हणून नव्वद वर्षांनी तिथे सभागृह बांधले असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांना तेव्हा झिडकारले त्यांच्याच पणतवंडांसाठी त्याच मातीवर दार उघडले गेले, हे मला विसरता येत नाही.

पुढे प्रार्थना थांबल्या. तळमजल्यावर २०११ पर्यंत नाइटक्लब चालला, आणि वरचे सभागृह, त्यातला ऑर्गन व रंगीत काचा यांसह, चार दशकांहून अधिक काळ बंद पडून होते. २०१३ साली ते संगीतासाठी पुन्हा उघडले. दारूपासून माणसे दूर राहावीत म्हणून बांधलेल्या वास्तूत आज दारू विकली जाते, याचे मला वाईट वाटते. मात्र पाडून टाकण्यापेक्षा ती गाण्यासाठी उघडी राहिली, हे फार बरे झाले.

पुढच्या खेपेस जाशील तेव्हा थोडी लवकर जा, वर सज्जात बस, आणि दिवे मंद होण्यापूर्वी तिथून ऑर्गन व त्या काचा कशा दिसतात ते मला सविस्तर लिही.

तुझा,
बाबा