कॉमा आत की बाहेर

प्रिय सुमे,

दिवाळीपासून ना पत्र ना फोन, तू चिडली असशील आणि तुझं बरोबरच आहे. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच. पण आज लिहायलाच बसले, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील एका कॉमासाठी एवढं काय.

अगं, आमच्याकडे एक नवीन मुलगी आलीये, बीडची, फार मन लावून काम करते. अमेरिकेतल्या पुस्तकाची प्रुफं तिच्याकडे होती. तिनं विचारलं, ताई, कोट म्हणजे अवतरणचिन्ह संपताना कॉमा त्याच्या आत की बाहेर? मी मान वर न करता म्हटलं, बाहेर, तो कॉमा बोलणाऱ्याचा नाहीये ना. बाईंनी शिकवलेलंच बोलले गं, पण ती ब्रिटिश पद्धत. अमेरिकेत कॉमा आणि फुलस्टॉप कोटच्या आतच, अर्थ काही का असेना, आणि कोलन-सेमिकोलन बाहेर. बारा वर्षं हेच करतेय मी! पण त्या दिवशी सकाळपासून लंडनचं काम चालू होतं, सिंगल कोट, मिस्टरच्या एमआरपुढे टिंब नाही, तेच डोक्यात.

तिनं 312 पानं तशीच केली. क्लायंटनं सगळं परत पाठवलं. मीटिंगमध्ये तिला सगळ्यांसमोर झापलं, आता प्रोबेशनवरून काढायचं म्हणतायत. तिनं माझं नाव घेतलं नाही सुमे. आणि मी गप्प बसले. समोर पाण्याचा ग्लास होता, त्याच्याकडे बघत बसले.

तुला आठवतं, हॉस्टेलवर ऑक्सफर्ड कॉमावरून आपला तीन दिवस अबोला होता? तू म्हणायचीस यादीतल्या शेवटच्या 'अँड'च्या आधी कॉमा म्हणजे एका दाराला दोन कड्या. मग 2017 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या डेअरीच्या ड्रायव्हरांची केस आली तेव्हा मी तुला बातमी पाठवली, तू उत्तर दिलं नाहीस, हरलीस म्हणून! कायद्यातल्या, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांच्या यादीत शेवटी होतं, पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग, आणि 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता; असता तर वितरण हे वेगळं काम ठरलं असतं. ड्रायव्हर म्हणाले ही सगळी पॅकिंगचीच गोष्ट, आम्ही तर गाडीनं माल पोचवतो, आमचा ओव्हरटाइम द्या. कोर्टानं त्यांचं मानलं, पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर मिटलं, आणि कायद्यात कॉमांच्या जागी सेमिकोलन घातले. तिथे एका न घातलेल्या कॉमानं ड्रायव्हरांना पैसे मिळाले, इथे माझ्या एका शब्दानं त्या पोरीची नोकरी जातेय.

उद्या अकरा वाजता साहेबांकडे जाणारे, चूक माझी होती म्हणून सांगणार. पण आधी तिची माफी मागू की आधी साहेबांना सांगू? तिला आधी सांगितलं तर ती म्हणेल, राहू द्या ताई, आणि मला भीती वाटते की मी खरंच राहू देईन.

घर हलवलंत का? चिनूची दहावी ना यंदा? वाचताक्षणी फोन कर, रात्री कितीही वाजले तरी चालेल.

तुझी,
मंजी