सरसकट सरासरी दिशाभूल करते

मूत्रपिंडातील प्रथिनांच्या मोजमापावरील लेख वाचला. विषय चांगला निवडला आहे. मात्र ऊतीचा सगळा तुकडा वाटून, एकजीव करून केलेली मोजणी पुरेशी असल्याचा त्यातील सूर पटला नाही. एका मूत्रपिंडात सरासरी सुमारे १० लाख नेफ्रॉन (रक्त गाळून मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक) असतात आणि प्रत्येकाच्या नलिकेचे भाग वेगवेगळी कामे करतात. हेन्लेच्या वळशाच्या (नलिकेच्या यू-आकाराच्या भागाच्या) जाड चढत्या भागातील एनकेसीसी-२ या वाहक प्रथिनावर फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध काम करते, तर थायाझाइड या लघवी वाढवणाऱ्याच दुसऱ्या औषधांचे लक्ष्य असलेले एनसीसी हे वाहक प्रथिन त्यापुढच्या भागात असते. वाटलेल्या नमुन्यात मात्र बाह्यकाचा (मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा) बहुतांश भाग व्यापणाऱ्या समीपस्थ नलिकेची, म्हणजे नलिकेच्या सुरुवातीच्या भागाची, प्रथिनेच वरचढ ठरतात.

म्हणून ऊती कोलॅजिनेज या विकराने (एन्झाइमने) सैल करून, थंड द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली एकेक भाग सुटा करावा लागतो. हे काम किचकट आहे. विकराची क्रिया लांबली तर पेशी खराब होतात, कमी पडली तर नलिका तुटतात. हाती येतो जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा नमुना, त्यातलीही थोडी प्रथिने नळीच्या भिंतीला चिकटून जातात. प्रथिने बनवण्याचा संदेश वाहणाऱ्या आरएनएसारखी प्रथिनांची प्रतिवृद्धी (प्रयोगशाळेत प्रती वाढवणे) करता येत नसल्याने हा तोटा भरून निघत नाही. केवळ आरएनए मोजून प्रथिनांचा अंदाज बांधणेही धोक्याचे, कारण प्रथिनांचे विघटन वेगवेगळ्या गतीने होते. शेवटच्या, संग्राहक नलिकेत तर सुटा केलेला भागही मिश्रच असतो: मुख्य पेशी आणि अंतर्निविष्ट पेशी या दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी. कोणताही आकडा देताना तो नलिकेच्या कोणत्या भागाचा, हे सोबत छापायला हवे होते.

— एक वाचक