भिंतीवरची व्हेनेसा

महोदय,

अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट हूड तळावरून एप्रिल २०२० मध्ये व्हेनेसा गियेन ही २० वर्षांची सैनिक बेपत्ता झाली. दोन महिन्यांनी तिचे अवशेष नदीकाठी सापडले. संशयित सहकारी सैनिकाने पोलिसांनी गाठताच आत्महत्या केली. तिचा लैंगिक छळ झाला होता आणि तक्रार कानावर येऊनही वरिष्ठ गप्प बसले, हे पुढे लष्कराच्याच चौकशीत निघाले.

पण त्याआधी बोलल्या त्या भिंती. तिच्या ह्यूस्टन शहरात चित्रकारांनी तिचे भलेमोठे भित्तिचित्र रंगवले: गणवेश, मागे झेंडा आणि थेट आपल्याकडे पाहणारे डोळे. खाली लोक फुले, मेणबत्त्या ठेवून जात. पाहता पाहता इतर शहरांतही तिचे चेहरे उमटले. फाईल बंद करता येते, दुमजली चेहऱ्याचे काय करणार? डिसेंबर २०२१ मध्ये लष्करातल्या लैंगिक छळाला आळा घालण्यासाठीच्या, तिच्या नावाच्या तरतुदी अमेरिकी कायद्यात आल्या. अर्थात, त्यामागे तिच्या आईची आणि बहिणींची वणवणही होती.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या कौतुकाच्या बातम्यांशेजारी या भित्तिचित्रांनाही आपल्या पुरवणीत एखादे पान मिळावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे