फुगलेल्या नसा: सीटीच्या आधी जांघेतली डॉप्लर

मा. संपादक,
स. न.

डाव्या पायावर गाठाळ नसा दिसल्या की थेट पोटाची सीटी व्हेनोग्राफी (औषध टोचून शिरांची चित्रं घेणारी सीटी), आणि अहवालात ‘इलियाक व्हेन दबलेली’ आलं की स्टेंटची (शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची) बोलणी, असा प्रकार हल्ली वाढतो आहे. ही शीर कुणाची तपासावी, याचा अंदाज खर्चिक तपासणीच्या आधीही बांधता येतो. त्याविषयी थोडं.

डाव्या पायाचं रक्त वर नेणारी मोठी शीर, म्हणजे ही इलियाक व्हेन, ओटीपोटात उजव्या पायाच्या धमनीखालून जाते. तिच्या मागे पाचवा कंबरेचा मणका, पुढे सतत उडणारी धमनी. मधल्या मधे ती चेपते. मे आणि थर्नर यांनी १९५७ मध्ये ४३० शवांच्या तपासणीत सुमारे २२ टक्क्यांत त्या जागी शिरेच्या आत पडदे तयार झालेले पाहिले. पण २००४ च्या एका अभ्यासात, पोटदुखीसाठी सीटी झालेल्या आणि पायाची काहीच तक्रार नसलेल्या ५० जणांपैकी जवळपास चौथ्या हिश्शात हीच शीर निम्म्याहून जास्त दबलेली निघाली. म्हणजे चित्रात दाब दिसला एवढ्यावर आजार ठरत नाही.

संशय घ्यायचा तो पेशंटकडे बघून. नुसत्या गाठाळ नसा, संध्याकाळी पाय जड होणं, घोट्याजवळ थोडी सूज: यात पृष्ठभागावरच्या शिरेच्या झडपा निकामी असतात आणि लेझरने बहुतेकांचं भागतं. भरतीच्या मेडिकलसाठी नसा काढून घ्यायला येणाऱ्या पोरांना तर पोटाच्या सीटीची गरज क्वचितच पडते. पण सूज मांडीपर्यंत चढलेली, तीही एकाच पायाला, चालताना मांडी फुटेल असं वाटतं आणि पाय वर करून पडल्यावरच उतरतं. घोट्याची कातडी काळी-टणक झालेली किंवा जखम भरून पुन्हा फुटते. जांघेत, ओटीपोटाच्या खालच्या भागावर वा योनिमार्गाजवळ नसा दिसतात. नीट केलेल्या लेझरनंतरही सूज हटत नाही. त्या पायात पूर्वी रक्ताची गुठळी झाली होती. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर वर, ओटीपोटातल्या शिरेकडे बघायलाच हवं, मग पाय उजवा का असेना. बाईमाणूस, वय वीस ते पन्नास, त्यातही बाळंतपणानंतर वाढलेला त्रास असेल तर संशय अधिक. वयस्क माणसात अशी सूज अचानक आली, तर ओटीपोटातली गाठ (ट्यूमर) आधी वगळावी.

पुढची पायरी स्वस्त आहे. तक्रार एका पायाची असली तरी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दोन्ही जांघांत करावी. निरोगी शिरेतला प्रवाह श्वासाबरोबर चढतो-उतरतो. एका बाजूला तो सपाट, एकसारखा वाहत असेल आणि दुसरीकडे लय शाबूत असेल, तर वर अडथळा असण्याची शक्यता बळावते. पण लय चांगली दिसली म्हणून दाब नाहीच, असं म्हणता येत नाही. आधी सांगितलेल्या लक्षणांना इथे जास्त वजन द्यावं. पुष्कळ ठिकाणी डॉप्लर मांडीत सुरू होऊन पोटरीतच संपते, जांघेतल्या लयीबद्दल अहवालात अवाक्षर नसतं.

आता नागपूरची अडचण. मे महिन्यात ४५ अंशांत पेशंट पहाटेच्या गाडीने निघतो, ‘उपाशी या’ सांगितलं म्हणून पाणीही पीत नाही, आणि दुपारी टेबलावर झोपतो. अंगातलं पाणी कमी झालं की शिरा चपट्या होतात आणि दाब आहे त्याहून मोठा दिसतो. जेवण टाळायला सांगितलं तरी पाणी बहुधा चालतं, हे फोनवरच स्पष्ट सांगावं. मूत्रपिंड वा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. लघवीची तुंबलेली पिशवीही शिरेवर दाब आणते, म्हणून टेबलावर चढण्याआधी ती रिकामी हवी. तिसरी चूक वेळेची: चित्रात रक्त उजळवणारं औषध शिरेत सोडल्यावर लगेच चित्रं घेतली तर धमन्या उजळतात, शिरेत मात्र रंगलेलं-बिनरंगाचं रक्त मिसळून गुठळीसारखा भास होतो. शिरांसाठी साधारण अडीच-तीन मिनिटं थांबावं लागतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी बघायचं, हे आलंच.

स्टेंटचा निर्णय सीटीवर सोडू नये. शिरेच्या आतून होणाऱ्या सोनोग्राफीत क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालेलं असावं, आणि लक्षणंही त्याला साजेशी असावीत. स्टेंट जन्मभर राहतो. तो गुठळीने बंद पडू शकतो, मापाने लहान बसला तर सरकून हृदयापर्यंत गेल्याचीही उदाहरणं आहेत. तिशीतल्या माणसाला नुसत्या गाठाळ नसांसाठी ही जोखीम देण्यात अर्थ नाही.

सोनोग्राफी आणि सीटी केंद्रांना एकच विनंती. अहवालात चार ओळी जास्त लिहा: दोन्ही जांघांतली लय, पेशंट पाणी प्यायला होता का, मूत्राशय रिकामं होतं का, चित्रं किती वेळाने घेतली. गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्या माणसाला तीच सीटी दुसऱ्यांदा करायला लागणार नाही.

आपला,
एक रक्तवाहिनी शल्यचिकित्सक, रामदासपेठ, नागपूर