हिरडीवरची गाठ काढली, पण तपासायला पाठवलीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तोंडाच्या कॅन्सरवर आपल्या पेपरात नेहमी येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण हिरडीवर येणाऱ्या साध्या गाठींवर कुणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझी मुलगी १६ वर्षांची, मागच्या वर्षी तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधे हिरडीवर लालसर दाणा आला, मुगाएवढा, दुखत अजिबात नव्हता, ब्रश लागला की रक्त यायचं तेवढंच. सासूबाई म्हणाल्या उष्णता असेल, मग हळद लाव, लवंगेचं तेल लाव असं करत दोन महिने गेले आणि तो दाणा चांगला वाटाण्याएवढा झाला, पोरगी हसताना तोंडावर हात धरायला लागली.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो. दहा मिनिटांत कापून काढलं आणि तो तुकडा कापसात गुंडाळून माझ्यासमोर डस्टबिनमधे टाकला. मला तेव्हा विचारायचं सुचलंच नाही हो. सात महिन्यांत त्याच जागी परत आलं, यावेळी हाताला कडक लागत होतं, माझी तर झोपच उडाली.

मग सरकारी डेंटल कॉलेजला नेलं. तिथल्या मॅडमनी आधी फिटच्या गोळ्या वगैरे चालू आहेत का विचारलं (फिटच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी पण हिरड्या वाढतात म्हणे), एक्सरे काढला, मग भूल देऊन पार हाडावरच्या आवरणापर्यंत मुळातून काढलं, शेजारच्या दातांवरचा टार्टर खरवडला आणि तुकडा फॉर्मॅलिनच्या (तुकडा खराब होऊ नये म्हणून वापरतात ते औषध) बाटलीत घालून वर तिच्या नावाची चिठ्ठी लावली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा. कॅन्सर नाही. गाठ हिरडीतूनच उगवते पण तिच्या आत हाडासारखे कण तयार होतात, तरुण मुलींमधे जास्त दिसते, आणि मुळातून काढली तरी शंभरातल्या ८ ते २० जणांना परत येऊ शकते.

मॅडम म्हणाल्या, नुसतं बघून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. गरोदर बायकांना येतो तो पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असाच दिसतो, जायंट सेल ग्रॅन्युलोमा (हिरडीवरचीच आणखी एक गाठ) पण असाच, आणि तो निघाला तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड (गळ्यातल्या ग्रंथी) तपासावं लागतं. क्वचित शरीरात दुसरीकडे असलेला कॅन्सरही हिरडीवर असाच उगवतो. म्हणून तुकडा लॅबला जायलाच हवा.

आमच्या जाऊबाई म्हणत होत्या, बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) नको, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो. ही भीती घरोघरी आहे आणि ती खरी नाही. माझी दातांच्या डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे, तोंडातून काढलेला तुकडा कितीही छोटा असो, टाकू नका, तपासायला पाठवा, आणि पेशंटने पण तिथेच विचारावं की रिपोर्ट कधी मिळेल.

आता दर तीन महिन्यांनी दाखवायला नेते. दुसऱ्या वेळचा रिपोर्ट फाईलला लावून ठेवलाय, पहिल्या वेळचा कागदच नाही.

आपली,
एक आई, बीड