घाटातलं रेलिंग कारसाठी, ट्रेलरसाठी नाही

संपादक साहेब,

बोरघाटात कंटेनर रेलिंग तोडून गेला की सगळे ड्रायव्हरला शिव्या घालतात, पण रेलिंगचं कोण बोलणार? ते डब्ल्यू आकाराच्या पत्र्याचं रेलिंग (डब्ल्यू-बीम) बहुतेक वेळा कारच्याच हिशोबाने असतं, युरोपातल्या एन2 टेस्टमध्ये दीड टनाची कार 110 च्या स्पीडने आपटून बघतात, आणि आपल्याकडे येतो 49 टनी ट्रेलर, म्हणजे त्याच स्पीडला तीसपटीहून जास्त दणका. त्यात ट्रकचा भार वर असतो आणि रेलिंग लागतं चाकापाशी, मग खाली अडलं की वरचा माल बाहेर झुकतो आणि अख्खी गाडी पलीकडे आडवी. पावसात बुडाची माती गेली असेल तर खांबही खिळखिळे, मग बघायलाच नको. अमेरिकेत टीएल-5 टेस्टला 36 टनी ट्रेलर 80 च्या स्पीडने आपटतात, त्यासाठी साडेतीन फुटी काँक्रीटची भिंत वापरतात. निदान ब्रेक तापून फेल होतात त्या उतारावर तरी तशी बांधा ना. इंडियन रोड्स काँग्रेसची बॅरियरबद्दलची आयआरसी:119 ही गाईडलाईन 2015 पासून आहेच, कुठल्या वळणावर कुठल्या लेव्हलचं बॅरियर लावलंय तेवढं रस्तेवाल्यांनी जाहीर करावं.

- एक वाचक, तळेगाव दाभाडे